पंडिता रमाबाई : दानाचा हिशेब

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव हे लहानसे स्थानक लागते. १८९७ च्या पूर्वार्धात या स्थानकावर अधूनमधून एक विलक्षण दृश्य दिसू लागले. गाडीच्या डब्यातून हाडांचे सापळे वाटाव्यात अशा मुली उतरत. काहींना चालता येत नसे, काहींच्या अंगावर धड चिंधीही नसे. त्यांना घेऊन येणारी बाई चाळिशीच्या घरातली, बुटकी, पांढरे वस्त्र नेसलेली आणि कानाने काहीशी अधू अशी होती. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या होत्या, तीच ही रमाबाई. या मुलींना उद्या काय खायला घालायचे, याचे निश्चित उत्तर तिच्यापाशी नव्हते. जे पैसे हाताशी होते ते दुसऱ्या कामासाठी मिळालेले होते आणि ते देणाऱ्यांची मुदतही संपत आली होती.

रमाबाईंचे चरित्र मराठी वाचकाला ठाऊक आहे ते प्रामुख्याने स्त्रीशिक्षण आणि धर्मांतर या दोन संदर्भांत. पण त्यांच्या आयुष्यातून सुरुवातीपासून अखेरपर्यंत वाहणारा तिसराही एक प्रवाह आहे, तो पैशाचा. कोणी द्यावे, कोणाला द्यावे, कशाच्या भरवशावर द्यावे आणि जवळ काही उरले नाही तर कोणाकडे पाहावे, या प्रश्नांनी त्यांचा पिच्छा लहानपणापासून कधी सोडला नाही.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूर भागातले चित्पावन ब्राह्मण. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांनी तरुणपणी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे ठरवले. हा हट्ट त्यांनी दुसऱ्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या बाबतीत पुरा केला. समाजाचा रोष नको म्हणून त्यांनी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आश्रमात विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, अतिथी महिनोन्महिने राहत, आणि शास्त्रीबुवा कोणालाही विन्मुख पाठवत नसत. या औदार्याचा शेवट व्हायचा तोच झाला. कर्ज वाढले, जमीन गेली आणि मुलगी सहा महिन्यांची असताना सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमा वेताच्या पेटाऱ्यात होती. तो पेटारा गड्याच्या डोक्यावर होता.

पुढची पंधरा-सोळा वर्षे हे कुटुंब देवळांच्या आवारात, नदीच्या घाटावर पुराणे सांगत हिंडले. श्रोते पैसे, धान्य, वस्त्रे ठेवीत. त्यातले पोटापुरते ठेवून उरलेले दानधर्मात खर्च करण्याचा शिरस्ता होता. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराणे ऐकायला कोणी उरले नाही. शास्त्रीबुवांना मोतीबिंदूने अंधत्व आलेले, आणि अंगमेहनत करणे किंवा भीक मागणे हे या विद्वान कुटुंबाच्या कुळात कोणी केलेले नव्हते. त्यांच्यापुढे एकच मार्ग होता आणि तो त्यांनी पूर्ण श्रद्धेने अवलंबिला. देव प्रसन्न व्हावा, धनप्राप्ती व्हावी म्हणून त्यांनी अनुष्ठाने केली, मूर्तींना प्रदक्षिणा घातल्या आणि जवळ असलेले नसलेले सारे ब्राह्मणांना दान केले. आधी दागिने गेले, मग चांगली वस्त्रे, मग चांदीची आणि शेवटी तांब्या-पितळेची भांडी. अखेरची नाणीही अशीच हातून सुटली.

तिरुपतीजवळच्या एका अरण्यात या कुटुंबाने अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढल्या. वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. मुलांना एकेक करून जवळ घेऊन त्यांनी निरोप घेतला. धाकट्या रमेला त्यांनी आयुष्यभर सन्मानाने राहण्याची आणि ईश्वराची सेवा करण्याची आज्ञा केली. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि ब्राह्मण्याचा अभिमान बाजूला ठेवून मोलमजुरी करण्याचे त्याने कबूल केले. जलसमाधी टळली, मृत्यू मात्र टळला नाही. १८७४ च्या सुमारास वडील गेले, त्यांच्यामागून काही महिन्यांतच आई गेली. आईचे प्रेत उचलायला पुरेसे लोक मिळेनात. दोन ब्राह्मणांनी कसाबसा खांदा दिला, तिसरा श्रीनिवासाचा आणि चौथा रमेचा. ती ठेंगणी पडली म्हणून तिरडीची बाजू तिने डोक्यावर घेतली आणि स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. मोठी बहीणही पुढे पटकीने दगावली.

उरलेली दोन भावंडे पायी उत्तरेपर्यंत गेली. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेतले. भूक फारच झाली की रानबोरे आठळ्यांसकट गिळली. या काळातही व्रते चालूच होती. मात्र ज्याने सर्वस्व दिले त्याला काहीच कसे मिळाले नाही, हा प्रश्न दोघांच्याही मनात रुजला होता. या प्रश्नाकडे रमाबाईंच्या चरित्रकारांनी धर्मांतराची पूर्वतयारी एवढ्याच दृष्टीने पाहिले आहे. त्यात आणखीही एक गोष्ट आहे. दान करून माणूस देशोधडीला लागतो हे ज्या मुलीने सोळाव्या वर्षी उघड्या डोळ्यांनी पाहिले, तिने पुढे आयुष्यभर देण्याचाच धंदा करावा, हे सहज घडणारे नव्हे.

१८७८ मध्ये कलकत्त्यात संस्कृत पांडित्याने त्यांचा नावलौकिक झाला. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेला. तेविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई मुलीला घेऊन पुण्यास आल्या. आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, न्यायमूर्ती रानड्यांच्या वाड्यातील सभा हा भाग सर्वश्रुत आहे. येथे ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की वैद्यक शिकण्यासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या तेव्हा जहाजाचे भाडे त्यांनी कोणाकडे मागितले नाही. ‘स्त्रीधर्मनीति’ हे आपले पहिले मराठी पुस्तक विकून त्यांनी ते उभे केले.

वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुल्यांसारखा एखादाच त्यांच्या बाजूने उभा राहिला. तथापि इंग्लंडातही त्यांचे सुखाने चालले होते असे नव्हे. ज्या भगिनींनी अन्नवस्त्र दिले, त्यांची अपेक्षा रमाबाईंनी चर्चच्या अधिकाऱ्यांचे सांगणे मुकाट ऐकावे अशी होती. रमाबाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. शाकाहार त्यांनी सोडला नाही. कोणत्या सिद्धांतावर विश्वास ठेवायचा हे बिशपांनी ठरवावे हेही त्यांना मान्य नव्हते. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. येणाऱ्या प्रत्येक पैशामागे एक हात असतो आणि तो हात कधी ना कधी मानगुटीवर येतो, हा धडा त्या तेथेच शिकल्या असाव्यात.

अमेरिकेत त्या गेल्या १८८६ मध्ये. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी पदवी घेणार होत्या, त्या समारंभासाठी. राहिल्या मात्र जवळजवळ तीन वर्षे. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याच्या हजारो प्रती खपल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगाव मंडळे निघाली, सभासद दरसाल एखाददुसरा डॉलर देण्याचे आणि तो दहा वर्षे देण्याचे वचन देऊ लागले. हा पैसा धनिकांपेक्षा शिक्षिका, गृहिणी, विद्यार्थिनी यांच्याकडून अधिक आला. या जोरावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीनजीक शारदासदन उघडले. पुढे महर्षी कर्व्यांच्या सहधर्मचारिणी झालेल्या गोदूबाई या सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक.

असोसिएशनची अट एकच, पण महत्त्वाची होती. शिक्षण धर्मनिरपेक्ष असले पाहिजे, मुलींवर ख्रिस्ती धर्म लादता कामा नये. रमाबाईंनी ती पाळली, पण स्वतःच्या खोलीत स्वतःची प्रार्थना त्या उघड्या दाराने करीत आणि मुलींना येऊन बसण्यास मज्जाव नसे. १८९० मध्ये सदन पुण्यास हलल्यावर याच दारावरून वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर आदी हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या. बोस्टनहून असोसिएशनच्या पदाधिकारी श्रीमती अँड्र्यूज स्वतः चौकशीला आल्या. चौकशीत रमाबाई निर्दोष ठरल्या, ही गोष्ट खरी. पण आपले काम दोन बाजूंच्या दोन मालकांच्या मर्जीवर टांगलेले आहे हेही त्यांना त्या वर्षी पुरते कळून चुकले. रानडे-भांडारकरांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. पोरक्या, अल्पवयीन विधवांवर ज्या बाईचा जीव आणि अधिकार दोन्ही आहेत, तिच्या उघड्या दाराचा प्रभाव पडणारच, आणि पालकांनी मुली पाठवल्या होत्या त्या शिक्षणासाठी.

याच सुमारास रमाबाईंच्या वाचनात तीन पुस्तके आली. चीनमधील हडसन टेलर यांच्या मिशनची हकीकत, न्यू हेब्रिडीज बेटांवरील जॉन पेटन यांचे चरित्र आणि ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचा वृत्तांत. यांपैकी म्यूलर यांचा परिणाम अधिक खोल झाला असावा, कारण त्यांचे काम रमाबाईंच्या कामाशी जुळणारे होते. प्रशियात जन्मलेल्या या पाद्र्याने १८३० मध्ये ठरीव पगार सोडला, १८३६ मध्ये ब्रिस्टलला भाड्याच्या घरात अनाथाश्रम काढला आणि कोणापुढेही हात न पसरण्याचे व्रत घेतले. काय हवे ते देवाला सांगायचे, माणसाला नाही, कर्ज काढायचे नाही आणि आलेल्या पै-पैचा हिशेब छापायचा, एवढेच त्याचे नियम. कित्येकदा सकाळच्या न्याहारीला घरात काही नसे. तरीही १८७० पर्यंत अॅश्ली डाउनच्या टेकडीवर पाच भव्य इमारतींत दोन हजारांवर मुले राहू लागली. म्यूलर यांच्या हाती आयुष्यभरात सुमारे पंधरा लाख पौंड आले. मृत्यूच्या वेळी त्यांच्या नावावर दीडएकशे पौंड होते.

हे वाचून रमाबाईंना प्रथम खेद वाटला, तो अशी माणसे हिंदुस्थानात नाहीत याचा. नंतर प्रश्न पडला, तो आपणच का असू नये हा. मात्र हा प्रश्न पडला म्हणून त्यांनी लगेच व्यवहार सोडून दिला असे नाही, आणि येथे त्यांचा कोकणी रक्ताचा काटेकोरपणा दिसतो. दहा वर्षांची अमेरिकन मुदत १८९८ मध्ये संपणार, हे गणित त्यांनी पूर्वीच मांडले होते. केडगावला त्यांनी शंभरएक एकर जमीन घेतली. तीत विहिरी खणल्या, आंबा, संत्री, लिंबू यांची झाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर शारदासदनाच्या मुली पोसाव्यात, परदेशी वर्गणीची गरज राहू नये, असा तो बेत होता. श्रद्धेला फळबागेचा आधार त्यांना गैर वाटला नाही.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात आपल्या पंधरा मुलींसह बसल्या असताना या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस मुली मिळाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी केली. सदनात जागा होती साठ-पासष्टांची. प्रार्थना करणाऱ्यालाही ती अवाजवी वाटावी अशीच ही मागणी. काही महिन्यांतच मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

दुष्काळाची वार्ता रमाबाईंना वर्तमानपत्रातून कळली, तरी समजली ती स्मरणातून. अकरा दिवसांचे अरण्य, आईची तिरडी, झेलमची वाळू हे सारे वीस-बावीस वर्षांनी जागे झाले. जवळ पैसा नव्हता. शारदासदनाचा निधी उच्चवर्णीय बालविधवांसाठी होता आणि तो दुसरीकडे खर्च करण्याचा त्यांना अधिकार नव्हता. काही काळ त्यांनी स्वतःचीच समजूत घालून पाहिली, की एवढ्या अफाट देशातल्या उपाशी माणसांना आपण कोठे पुरे पडणार. ती समजूत टिकली नाही. १८९७ च्या आरंभी त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्यांतून व अन्नछत्रांतून हिंडल्या. तेथे त्यांनी भुकेपेक्षाही भयंकर गोष्ट पाहिली. धान्यावर अधिकार असलेले पुरुष त्या धान्याच्या मोबदल्यात तरुण मुलींचे काय करीत होते, ते त्यांनी नंतर निर्भीडपणे लिहून प्रसिद्ध केले.

त्यांनी गोळा केलेल्या मुली सहाशेच्या घरात होत्या. तीनशेच्या आसपास त्यांनी स्वतःकडे ठेवल्या, इतर वेगवेगळ्या मिशनांच्या अनाथाश्रमांकडे सोपवल्या. या मुली सर्व जातींच्या होत्या आणि शारदासदनाच्या चौकटीत बसणाऱ्या नव्हत्या. त्यातच पुण्यात प्लेग आला. नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली, तेव्हा केडगावच्या रिकाम्या शेताखेरीज दुसरी जागा नव्हती. उत्पन्नासाठी राखलेल्या जमिनीवर तंबू पडले, गवती छपरे उभी राहिली, पुढे बराकी बांधल्या गेल्या. म्हातारपणाची बेगमी म्हणून घेतलेले शेत असे दानातच गेले. वडिलांच्या अतिथ्याची ही पुनरावृत्तीच होती. फरक इतकाच, की अनंतशास्त्र्यांनी ज्यांना दिले त्यांतल्या अनेकांना गरज नव्हती.

१८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. दहा वर्षांचा करार पुरा झाला, जुनी असोसिएशन विसर्जित होऊन नवी स्थापन झाली आणि तिने शारदासदनाला मदत चालू ठेवली. पण केडगावच्या ‘मुक्ती’ला कोणाचेही बांधील वचन राहिले नाही. ज्या मार्च महिन्यात हा जुना आधार सुटला, त्याच महिन्यात, १० मार्च १८९८ रोजी, ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्यूलर वारले. यापुढे मुक्तीत पगारी चाकरी नव्हती. मिनी अॅब्रॅम्ससारख्या परदेशी सहकारी आल्या त्याही ठरीव वेतनाविना. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होई आणि तीत धान्य, सरपण, कापड यांची मागणी असे.

या पद्धतीकडे आजच्या वाचकाने थोडे डोळसपणेही पाहायला हवे. रमाबाई थेट पैसे मागत नसल्या तरी मुक्तीचे वृत्तांत इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातील ख्रिस्ती घरांत वाचले जात. ‘मुक्ती प्रेअर बेल’ हे पत्र पुढे तेथूनच निघू लागले. रमाबाईंचे नाव पाश्चात्त्य जगात आधीच गाजलेले होते. न मागणे हेही एका परीने मागणेच असते, असा आक्षेप म्यूलर यांच्यावर घेतला गेला होता, तो येथेही घेता येईल. पण वृत्तांत छापला म्हणून मनिऑर्डर कोणत्या दिवशी येईल हे कळत नाही, आणि हजार-दोन हजार तोंडे मात्र रोज दोनदा उघडत होती. सात समुद्रांपलीकडच्या कोणा शिलाई करणाऱ्या बाईचे काही शिलिंग आणि केडगावच्या चुलीवरची भाकरी यांच्यामध्ये जे अंतर होते, ते रमाबाई रोज विश्वासाने ओलांडत होत्या. शिवाय कोणा एका मंडळाची अट आता त्यांच्यावर नव्हती. देवावर विसंबणे याचा अर्थ त्यांच्यापुरता माणसांच्या मर्जीतून सुटणे असाही होता.

१८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ गुजरात-राजपुतान्यात पडला, तेव्हा मुक्तीतले हात आधीच भरलेले होते. तरी रमाबाईंनी माणसे पाठवली. या वेळी पूर्वी मध्य प्रांतातून आलेल्या मुली नव्यांची शुश्रूषा करायला होत्या. आपल्या वाट्याची जागा, पांघरूण, घास त्यांनी वाटून घेतले. १९०० संपता संपता मुक्तीत सुमारे एकोणीसशे जणी राहत होत्या. सगळ्याच जगल्या असे मात्र नाही. कितीतरी मुली केडगावला पोचल्या त्या केवळ मरण्यासाठी. उपासमारीने आतडी कामातून गेली होती, अन्न मिळूनही ते अंगी लागत नव्हते. प्रार्थना करणाऱ्या बाईला ही प्रेतेही पुरावी लागत होती, हे श्रद्धेच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी विसरू नये.

त्या वर्षी केडगाव परिसरातील विहिरी कोरड्या पडत होत्या. मुक्तीच्या विहिरी संध्याकाळपर्यंत उपसून रिकाम्या होत आणि सकाळी पुन्हा त्यांत पुरेसे पाणी साठलेले असे, असे त्या काळच्या वृत्तांतात नमूद आहे. माणसे दोन हजारांच्या घरात, गुरे वेगळी आणि नव्या बांधकामाला पाणी वेगळे. भूगर्भशास्त्रज्ञ झऱ्यांची कारणे सांगतील. मुक्तीतल्या मुलींना वेगळे कारण ठाऊक होते.

पैसा येई तसा कामाला लागे. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दुग्धालय, छापखाना असे उद्योग उभे राहिले. फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाऊ लागले. अमेरिकेत शिकून १९०० मध्ये परतलेली मनोरमा शारदासदन सांभाळू लागली. मुलींनी केवळ अन्न घेणाऱ्या राहू नये, कमावणाऱ्या आणि देणाऱ्या व्हावे, याबद्दल रमाबाई कठोर होत्या. मुक्तीतून शिकून गेलेल्या मुली शिक्षिका, परिचारिका, धर्मसेविका म्हणून ठिकठिकाणी गेल्या. शारदासदनाच्या काळात धर्माबाबत जो पडदा होता तो येथे नव्हता. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तेथे वाढलेल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. भुकेल्याला अन्न देताना धर्मही द्यावा काय, हा वाद तेव्हा झाला आणि आजही होतो. त्या मुलींना दुसरे कोण उचलायला गेले होते, हा रमाबाईंच्या बाजूचा प्रश्नही तितकाच जुना आहे.

शेवटच्या दीड-दोन दशकांत त्यांनी एक काम हाती घेतले, ज्यातून पैसा येण्याची शक्यताच नव्हती. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवू लागल्या. संस्कृतवर ज्यांचे प्रभुत्व कलकत्त्याच्या पंडितांनी मानले, त्यांनी संस्कृत शब्द निवडून निवडून बाजूला काढावेत, यातला विरोधाभास मोठा गमतीचा आहे. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे, यंत्र चालवणे, बांधणी हे सारे मुक्तीच्या छापखान्यात मुलीच करीत. शुभवर्तमानाच्या पुस्तिका गावोगाव वाटण्यासाठी छापल्या जात.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. संस्थेची धुरा जिच्यावर सोपवायची ती चाळिशीतली मुलगी आईच्या आधी गेली, आणि जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झालेल्या आईने दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामाला हात घातला. भाषांतराची शेवटची मुद्रिते तपासून हातावेगळी झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे, रमाबाईंनी देह ठेवला. केडगावची संस्था आजही चालू आहे. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले १९२४ मध्ये. त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांत, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या दुष्काळात अन्नासाठी पसरलेले काही हातही होते.